न्यूवे रेपुब्लीकचा गोल शिक्का

आमच्या काकांना कुणी येडा म्हटलं की मला राग यायचा नाही, हेवा वाटायचा. म्हणणाऱ्याला त्यांच्या बेसमेंटमध्ये राहावं लागत नव्हतं. मी राहिले. साडेतीन वर्षं, कॅनडातल्या लंडनमध्ये. हे लंडन म्हणजे ते लंडन नव्हे, हे कराडला आईच्या भिशीत अजून कुणी मानायला तयार नाही. राणीचा राजवाडा बघितलास का गं, असं विचारतात. मी म्हणते, राणी नव्हती ओ मावशी, राष्ट्राध्यक्ष होते, आणि ते सकाळी सहाला आमच्या डोक्यावर स्लिपर फटफटवत फिरायचे.

काका म्हणजे आमचे घरमालक. नागपूरचे. इथे येऊन पस्तीसेक वर्षं झालेली, पण बोलणं असं की कालच सीताबर्डीवरून निघालेत. बायको वारलेली. एकुलता मुलगा तिकडे सरेला, व्हँकुव्हरजवळ, विमानाने पाच तास लांब. वर काका एकटे, खाली मी आणि माझी रूममेट प्राजक्ता. ती नाशिकची. दोघी एकाच कॉलेजात, दोघी एकाच नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, पार्टटाइम. पहिल्या दिवशी दोन बॅगा ओढत मी दारात पोचले तेव्हा बाहेर उणे अठरा होतं आणि पापण्यांवर बर्फ जमला होता. काकांनी एक दार उघडलं आणि म्हणाले, "ही स्टेलालँड, तुझी. बाजूची गोशेन, प्राजक्ताची. फ्रीज सामाईक, म्हणून फ्रीजला संयुक्त संस्थानं म्हणायचं."

मला वाटलं, स्टेलालँड हे गादीच्या कंपनीचं नाव असेल.

मग जॅकेटसुद्धा काढू न देता त्यांनी मला खुर्चीत बसवून पाऊण तास इतिहास सांगितला. दक्षिण आफ्रिकेत डच वंशाचे शेतकरी होते, त्यांना बोअर म्हणत. इंग्रजांचं राज्य नको म्हणून हे लोक बैलगाड्या जुंपून आत आत सरकायचे, आणि जिथे जमीन हाती लागेल तिथे चक्क नवा देश जाहीर करायचे. झेंडा, राष्ट्राध्यक्ष, पोस्टाची तिकिटं, सगळं. त्यातले ट्रान्सव्हालसारखे एक-दोन मोठे झाले, बाकीचे दोन-चार वर्षांत मिटले. स्टेलालँड म्हणे आकाशात धूमकेतू दिसला म्हणून ताऱ्याच्या नावाने काढलं. गोशेन तर नीट सुरूही झालं नाही, तोवर संपलं. आणि काकांचा सगळ्यात लाडका देश म्हणजे न्यूवे रेपुब्लीक, नवं प्रजासत्ताक. त्यांच्याकडे धड छापखाना नव्हता. मग काय केलं, तर एक रबरी शिक्का बनवला, त्यात तारीख बसवली आणि जांभळ्या शाईत एकेक तिकीट हाताने उमटवलं.

"टिकला किती दिवस हा देश?" मी विचारलं. बाई गं, उगाच विचारलं.

"किती दिवस टिकला, हा प्रश्न मूर्खांचा आहे," काका म्हणाले. "होता का नव्हता, ते विचार."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की नर्सिंग होममधल्या आज्यांनाही ऐकवू लागले.

तर तसाच एक शिक्का काकांनी स्वतःसाठी करून घेतला होता. मूळ तिकिटं चौकोनी, पण काकांचा शिक्का गोल, कारण शिक्का चौकोनी असूच शकतो हे नागपूरच्या माणसाला पटत नव्हतं. कडेने रोमन अक्षरात 'न्यूवे रेपुब्लीक, लंडन', मधे तारखेचे फिरणारे आकडे. तो सदैव शर्टाच्या खिशात, त्यामुळे प्रत्येक शर्टाचा खिसा जांभळा. सकाळी चहाच्या आधी तारीख बदलायची आणि मग दिवसभर मिळेल त्यावर मारत सुटायचं. कचऱ्याचं वेळापत्रक, वॉशरूमचे नियम, लाँड्रीचे वार, सगळे फ्रीजवर शिक्क्यानिशी. एकदा मी आणलेल्या ग्रोसरीच्या पावतीवरही शिक्का दिसला. हे काय विचारलं तर म्हणे, आयात माल.

दर रविवारी सकाळी दहाला खाली आमच्या किचनमध्ये फोल्क्सराड भरायची. बोअर लोकांच्या लोकसभेला फोल्क्सराड म्हणतात. आमच्या लोकसभेत खासदार तीन, आणि विषय कायम एकच, थर्मोस्टॅट. काकांना एकोणीस डिग्री हवं, आम्हाला बावीस. मतदान व्हायचं. आम्ही दोघी जिंकायचो. काका शांतपणे निकाल लिहून घ्यायचे, शिक्का मारायचे आणि वर जाऊन एकोणीस करून ठेवायचे.

"काका, ठराव पास झालाय ना!"

"पास झाला ना. अंमलबजावणीले वेळ लागते."

दुसरा विषय फोडणीचा. मी कराडची, माझ्या फोडणीत मिरची पडली की स्मोक डिटेक्टर किंचाळायचा. त्यावर कायदा झाला की फोडणीआधी वर आवाज द्यायचा. मी "काका, फोडणी!" असं ओरडायचे, मग ते वरून धावत येऊन टॉवेलने डिटेक्टरला वारा घालायचे, आणि खाकरत खाकरत गोशेनची सरहद्द कशी ठरली ते सांगायचे. आणि जेवायलाच बसायचे! भाकरी खाताना मात्र गप्प असायचे, तेवढीच आम्हाला विश्रांती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्यांनी आम्हाला डाउनटाउनच्या पार्कात नेलं. इंग्रजांच्या बाजूने बोअर युद्धावर गेलेल्या इथल्या शिपायांचं तिथे स्मारक आहे. आदल्या दिवशी डबल शिफ्ट करून माझे पाय भरून आले होते, वारा कानात सुया टोचत होता. काका टोपी काढून तिथल्या शिपायाच्या पुतळ्यासमोर उभे. "याले कुणी सांगितलं असंल का," ते म्हणाले, "का कुठे चालला, आणि कुणाच्या जमिनीसाठी?"

प्राजक्ताचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "आणि तुमचे बोअर काय संत होते का काका? तिथल्या काळ्या लोकांच्या जमिनी लुबाडल्या त्यांनी. देश कसले, टोळ्या होत्या त्या."

मला वाटलं, आता आपल्याला घर शोधावं लागणार. पण काका शांत होते. "लुटारूच होते. ज्यांची जमीन होती त्यांना कुणी विचारलं नाही. आणि त्यांच्या ऑरेंज फ्री स्टेट नावाच्या देशात तर आपल्यासारख्या भारतीयांना राहायलाच बंदी होती. मी त्यांचा भक्त नाही व, कारकून आहे. कुणीतरी नोंद ठेवायले पाहिजे ना." मग टोपी घालत म्हणाले, "म्हणून तर आपल्या घरी मतदान ठेवलं आहे." मी थर्मोस्टॅटचा विषय काढणार होते, पण थंडीने ओठ हलत नव्हते.

हे वेड आलं कुठून, ते मला पुढे एकदा कळलं. लहानपणी त्यांना कुणीतरी ऑरेंज फ्री स्टेटचं जुनं तिकीट दिलं. त्यावर संत्र्याचं झाड. नागपूरच्या पोराला दुसरं काय वाटणार! आपल्या गावाचा जगात कुठेतरी स्वतंत्र देश आहे, असं समजून हे बरीच वर्षं खूश होते. ते खोटं ठरलं तरी तिकिटं सुटली नाहीत. मोठेपणी या चिमुकल्या देशांवर पीएचडी करायला कॅनडात आले. दोन वर्षांनी गाइड म्हणाले, विषय फार छोटा आहे, यात प्रबंध होणार नाही. झालं. काकांनी युनिव्हर्सिटी सोडली नाही, फक्त खातं बदललं. पुढची सगळी वर्षं त्यांनी तिथल्याच पार्किंग ऑफिसात गाड्यांचे परवाने दिले.

"छोटा म्हणजे काय?" ते मला विचारायचे, जणू मीच तो गाइड. "त्या बिचाऱ्यांना काय पाहिजे होतं? दुसऱ्या कुण्या देशाचं एक पत्र. का बाबा, तुम्ही आहात, आम्ही पाहिलं. बस. बहुतेकांना तेही नाही भेटलं."

मुलगा सरेहून दर शनिवारी व्हिडिओ कॉल करायचा, अर्धा इंग्रजीत. "बाबा, कम ऑन, सेल द हाऊस. आमच्याकडे ये." फोन वाजला की काका जिन्यावरून आम्हाला सांगायचे, "साम्राज्याचा फोन आला." आणि खिशातल्या शिक्क्यावर हात ठेवून बोलायला बसायचे.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते, कारण सगळा दोष काकांवर ढकलणं बरं नाही. ऐंशी टक्के ढकलते.

कॉलेज संपलं, नर्सिंग होममध्ये फुलटाइम लागले, पीआरला अप्लाय केलं. पीआर म्हणजे कायमचं राहायची परवानगी. इथे आलेल्या प्रत्येक पोराचा श्वास त्या दोन अक्षरांत अडकलेला असतो. माझ्या वर्क परमिटचे आठ महिने उरले होते. पीआर नाही तर परत कराड, आणि कराडला जाऊन सांगायचं काय? मी याच प्रांतात राहते याचा पुरावा म्हणून घरमालकाचं पत्र जोडायचं होतं. काकांनी सुंदर चार ओळींचं पत्र टाइप करून सही केली. इथे कुणी कशावर शिक्का मारत नाही, सही पुरते. पण मला ते पत्र बघून कसंतरीच झालं. आयुष्यभर तहसील कचेरी, तलाठी, शाळेचा दाखला बघितलेला. नुसत्या सहीचा कागद आम्हाला वाण्याच्या यादीसारखा वाटतो. आणि मी, मी स्वतः, या तोंडाने म्हणाले, "काका, शिक्का मारा की!"

त्या माणसाचा चेहरा असा उजळला की विचारू नका. इतक्या वर्षांत आपणहून शिक्का मागणारी मी पहिलीच नागरिक.

मी बघितलं काय? गोल, जांभळा, मधे तारीख. जिवाला बरं वाटलं. स्कॅन केलं, अपलोड केलं, आईला फोन करून सांगितलं, झालं गं. आता कुणी म्हणेल, वाचलं नाहीस का? अहो, शिक्का कुणी वाचतं का? रोज फ्रीजवर तोच बघून माझे डोळे मेले होते. आणि काकांकडे दुसरा शिक्का होता कुठे!

दोन महिन्यांनी इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं. अर्जाला जोडलेल्या कागदावर एका अनोळखी 'प्रजासत्ताका'चा शिक्का आहे. ही संस्था काय, तिचा अर्जदाराशी संबंध काय, तीस दिवसांत खुलासा करा. खुलासा पटला नाही तर ही खोटी माहिती समजली जाईल, अर्ज नाकारला जाईल आणि पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. मी ते वॉशरूममध्ये उभी राहून वाचलं आणि तिथूनच इमिग्रेशनची कामं करणाऱ्या कन्सल्टंटला फोन लावला.

कन्सल्टंटने सांगितलं, सोपं आहे. घरमालकाने नोटरीसमोर शपथेवर लिहून द्यायचं की हा शिक्का कुठल्याही सरकारचा नाही, हॉबी म्हणून बनवलाय, त्याला कायदेशीर अर्थ नाही. अर्धं पान.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. घाबरतील, सॉरी म्हणतील असं मला वाटलं होतं. काका खूश झाले! "कॅनडा सरकारने विचारलं? लेखी विचारलं?" तीन दिवस वर टाइप करत बसले आणि चौदा पानं घेऊन खाली आले, तळटिपांसकट. सुरुवात आफ्रिकेतल्या झुलू राजघराण्यातल्या भांडणापासून, कारण बोअरांना ती जमीन त्यातूनच मिळाली होती. माझं नाव तेराव्या पानावर.

"काका, अर्धं पान हवंय ओ. हॉबी म्हणून लिहा फक्त."

"हॉबी नाही लिहिणार. हॉबी म्हणजे पतंग उडवणं. मी काय पतंग उडवून राहिलो का इतकी वर्षं?"

"मग काय लिहिणार? तुम्ही राष्ट्राध्यक्ष आहात म्हणून?"

"पोरी, तू समजून नाही राहिली. त्यांनी विचारलं आहे. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं आहे."

आणि मग माझा तोल गेला. मी जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "तुमचा देश खोटा आहे काका! नाहीये, आणि कधी नव्हताच! तुमच्या त्या खोट्या देशापायी माझा खरा देश हातातून चाललाय, कळतंय का तुम्हाला?" प्राजक्ताने माझा हात धरला, मी झटकला. काकांनी चौदा पानं टेबलावर ठोकून सरळ केली आणि जिना चढून गेले.

पुढे चार दिवस वर स्लिपर वाजल्या नाहीत. रविवारी दहाला आम्ही दोघी किचनमध्ये बसून राहिलो, फोल्क्सराड भरली नाही. थर्मोस्टॅट मात्र बावीसवर होता. तो बघून मला जास्तच रडू आलं.

सोमवारी सकाळी दारावर टकटक झाली. काका कोट-टायमध्ये. "चल," म्हणाले, "नोटरीची अपॉइंटमेंट आहे." गाडीत एक अक्षर नाही. स्मारकाच्या पार्कावरून गेलो तरी नाही. मी मनात म्हणत होते, बोला ओ काहीतरी, गोशेनबद्दल बोला.

शवर्माच्या दुकानाला लागून नोटरीचं छोटंसं ऑफिस. नोटरी तरुण मुलगी होती. तिने काकांनी आणलेला कागद मोठ्याने वाचून दाखवला. खरंच अर्धं पान होतं. हे घर माझं. ही मुलगी तीन वर्षं इथे राहते. शिक्का मी हॉबी म्हणून बनवून घेतला. मुलीने तो विश्वासाने घेतला, तिचा काही दोष नाही. आणि शेवटचं वाक्य, या पत्त्यावर असं कोणतंही प्रजासत्ताक नाही, आणि कधी नव्हतं.

कधी नव्हतं, हे कन्सल्टंटने मागितलं नव्हतं. ते माझं वाक्य होतं. मी मान खाली घातली ती वर केली नाही.

नोटरीने शपथ दिली, काकांनी सही केली. मग तिने कपाटातून लोखंडी यंत्र काढून कागदाच्या कोपऱ्यावर दाबलं. शाई नाही, नुसतं गोल ठसठशीत उमटलं. काकांनी त्यावर बोट फिरवलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पाहिलं? शिक्का लागतेच."

बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून शिक्का काढून माझ्या हातात दिला. "ठेव तुझ्याजवळ. माझ्याजवळ राहिला तर मी मारीन." मी सॉरी म्हणायला लागले, तर म्हणाले, "रडून नको राहू, इथे पार्किंग पंधरा मिनिटंच आहे."

खुलासा पोचला. पाच महिने काहीच नाही. त्या पाच महिन्यांत काकांनी घर विकायला काढलं. मी विचारलं का, तर म्हणाले, आता पोराले नाही म्हणायले कारण काय राहिलं. सरेचं तिकीट निघालं. खोके भरायला आम्हीच मदत केली, आणि प्रत्येक खोक्यावर काय लिहायचं यावरून त्यांनी आम्हाला छळलं ते वेगळंच.

ते निघायच्या दोन दिवस आधी माझा पीआर आला. इमेल. मी नर्सिंग होमच्या प्रिंटरवर त्याच्या दोन प्रती काढल्या आणि युनिफॉर्मवरच धावत वर गेले. काका खोक्यांच्या मधे एका खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

"शिक्का कुठाय?"

"नसतो आता काका. सगळं ऑनलाइन असतं."

"असं कसं? एवढी मोठी गोष्ट, आणि शिक्का नाही?" त्यांचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा जांभळा होता, रिकामा होता. त्यांनी तो दोनदा चाचपला आणि हात खाली घेतला.

मी खाली गेले, ड्रॉवरमधून शिक्का आणला आणि त्यांच्यासमोर धरला. "मारा."

"नाही. मी शपथेवर लिहून दिलं आहे. ते राज्य नाही. कधी नव्हतं."

"ते तुम्ही लिहून दिलंय," मी म्हणाले. "मी नाही लिहून दिलेलं. मी राहिलेय तिथे. साडेतीन वर्षं."

काका माझ्याकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मी खोक्यावर कागद ठेवला, दुसरी प्रत, आणि शिक्का उचलला.

"थांब!" काका ओरडले. "तारीख! तारीख बदल आधी. नोटरीच्या दिवसाची आहे अजून." मी आकडे फिरवले. बोटं जांभळी झाली. "सरळ धर. सरळ म्हणतो ना मी. हं. दाब आता. हलवू नको. उचल."

मी उचलला. त्यांनी कागद घेतला, हात लांब करून उजेडात धरला, आणि किती तरी वेळ पाहत राहिले.

"वाकडा मारला," म्हणाले.